हुबुद तालात जमतं, पण समोरच्याने ताल मोडला की हात अडकतात

म्हापशेकर:
नमस्कार. मी आणि माझा मावसभाऊ घरीच फिलिपिनो कालीचा, म्हणजे काठी, सुरी आणि रिकाम्या हातांनी लढायच्या कलेचा, सराव करतो. शिकवणारे सर गोवा सोडून गेले, तेव्हापासून आम्ही दोघंच. जोडकाठीची सिनावाली, म्हणजे दोन काठ्यांनी विणल्यासारखे वार करणं, बरी बसलीय. रिकाम्या हाताने हुबुद-लुबुद (आळीपाळीने एकमेकांचा वार अडवून वळवायचा जोडीचा सराव) तर डोळे मिटूनही चालतं. पण त्याने मध्येच कोपर आखडलं किंवा एक ठोका गाळला, की माझे हात हवेतच राहतात. रबरी सुरी आली की आणखी गोंधळ. वेग वाढवू का? की सुरी काढून घेण्याचे डाव आधी पाठ करू? पावसामुळे सध्या पडवीतच सराव चालतो, जागा जेमतेम.

दर्यावर्दी_मुरगाव:
तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करतो. वेग मुळीच वाढवू नकोस, उलट निम्मा कर.

मी मालवाहू बोटींवर नोकरी केली. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्समधल्या सेबूचा होता. या कलेची दोसे पारेस ही संस्था १९३२ साली सुरू झाली ती सेबूत, आणि बालिंतावाक ही शैलीही तिथलीच. ड्यूटी संपली की हॅचवर, म्हणजे मालाच्या कोठाराच्या झाकणावर, तो आम्हाला उभं करायचा. मोजून ठोके त्याने कधी दिलेच नाहीत.

हुबुदात उजवा तिरका वार आला की तू डाव्या हाताने अडवतोस, उजव्याने खालून तो हात पलीकडे वळवतोस, डावा तळवा त्याच्या कोपराच्या वर ठेवतोस आणि मग तुझा वार. बहुतेकांचा हा तळवा नुसता थाप मारून सुटतो. सगळी मेख तिथे आहे. तळवा टेकलेला राहिला, तर कोपर आखडणार की पुढे रेटणार हे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतं. शिगम्यात टिपऱ्या खेळणारे गाण्यावर चुकत नाहीत, गाणं थांबलं की थांबतात. तुझं हुबुद सध्या तसं चाललंय.

भावाला सांग, एका दिवशी मोडायचं ते एकाच तऱ्हेने. आज फक्त कोपर मागे ओढणं. कधी ओढायचं ते त्याच्या मनावर. हाताला ते ओळखू यायला लागलं की मग रेटणं घ्या, नंतर दोन्ही मिसळा.

सुरी असेल तर तळवा मनगटावर नको. मनगट वळलं की पातं तुझ्या बोटांवर येतं, आणि हात मागे खेचतानाही ते कापतं. दंडाच्या बाहेरच्या अंगाने कोपरापाशी दाब दे. रबरी पात्याला लिपस्टिक फास, जुना पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, थोडा वेळ खेळ आणि मग बाह्या बघ. आमच्या बोसनला हाताच्या आतल्या अंगावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एकही रेघ चालत नसे, कारण शिरा आणि बोटं मिटणारे स्नायू तिथेच असतात. बाहेरच्या अंगावरच्या रेघांवर तो बोलायचा नाही.

सुरी काढून घेण्याचे डाव सगळ्यात शेवटी. भाऊ हात लांब करून थांबतो म्हणून ते जमतात. खरा भोसकणारा हात मागे घेतो आणि पुन्हा भोसकतो. रस्त्यात कुणी सुरी काढली तर पळायचं, हे मी माझ्या मुलांनाही सांगितलंय.

साखळीची_ताई:
काकांचं पटतं, पण माझं मत थोडं कडक आहे. मी मुलींना कराटे शिकवते आणि जोडीला आर्निस, म्हणजे तुमच्या कालीचंच दुसरं नाव. नुसत्या जोडीच्या सरावाने भीती जात नाही. चेहऱ्यावर जाळीचं हेल्मेट चढवा, काठीला फोम गुंडाळा आणि मोकळी लढत खेळा, आठवड्यातून एकदा तरी. फिलिपिन्सने २००९ साली आर्निसला कायद्याने राष्ट्रीय खेळ केलं. २०१९च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत मऊ काठीच्या लढतीही होत्या, म्हणजे वाट आहे.

पडवी लहान असली तरी खडूने जमिनीवर त्रिकोण काढा. वार आला की सरळ मागे न जाता त्रिकोणाच्या बाजूवरून तिरकं पुढे जायचं. पाय एकाच जागी रुतले तर हात कितीही हुशार असोत, मार लागतोच.

म्हापशेकर:
ताई, काका, मनापासून आभार. आजच लिपस्टिक लावून बघितलं. डाव्या हाताच्या आतल्या अंगावर रेघाच रेघा. मी तळवा आडवा धरतो, त्यामुळे आतली बाजू उघडी पडते. मऊ काठीसाठी बांबू चालेल का? वेत इथे मिळाला नाही.

दर्यावर्दी_मुरगाव:
बांबू नको, फोमच्या आतही नको. तो पोकळ असतो, फुटला की धारदार चिरफळ्या उडतात, डोळा जाईल. वेत भरीव असतो, त्याचे नुसते तंतू सुटतात. वेत मिळेपर्यंत प्लंबिंगचा बारीक पीव्हीसी पाइप घे, २८ इंच काप, फोम गुंडाळ, टोकाला जाड गोळा कर म्हणजे खुपसला तरी लागणार नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. आणि तळवा आडवा नको, अंगठा छातीकडे ठेव, म्हणजे हाताची बाहेरची बाजू आपोआप समोर येईल.