काळ्या फॉस्फरसवर सोन्याच्या काड्या बसवाव्यात का? (इन्फ्रारेड डिटेक्टर, बजेट दीड लाख)

अवनी_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष. ३.७ मायक्रॉन तरंगलांबीला ध्रुवण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) ओळखणारा डिटेक्टर करतेय. समुद्रावरचा तेलाचा तवंग रात्री ओळखता यावा, हा हेतू. २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया धडकल्या, तेव्हा मामाच्या गावी किनाऱ्यावरचा काळा थर पाहिला होता. तो डोक्यातून गेलेला नाही.

काळ्या फॉस्फरसचा (हा थराथरांचा अर्धवाहक) १५ मायक्रॉनचा तुकडा तयार आहे, पण जाडी जेमतेम ६० नॅनोमीटर. बराचसा प्रकाश आरपार जातो. वर सोन्याच्या नॅनोकाड्या बसवल्या तर प्लाझ्मॉनमुळे (धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक कंपनामुळे) विद्युतक्षेत्र तिथे एकवटेल. कोणता धातू, कोणता आकार, आणि कुठे करून मिळेल? दीड लाखाच्या वर एक रुपया नाही.

जर्मनीकर_भाऊ
फॉस्फरस सोडा. आमच्या लॅबमध्ये इंडियम अँटिमोनाइड (इन्फ्रारेड डिटेक्टरचा नेहमीचा अर्धवाहक) आहे, ७७ केल्विनला थंड केलेलं, साडेपाच मायक्रॉनपर्यंत चालतं. पुढे पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवण सोडणारी गाळणी) लावला की काम झालं. चार वर्षांत एकदाही दगा दिला नाही.

अवनी_कोल्हापूर
दादा, बजेट दीड लाख आहे.

पावसाळी_प्रयोग
फॉस्फरस नकोच. माझा तुकडा जुलैत उघडा राहिला, दोन दिवसांत त्यावर फोड आले. सूक्ष्मदर्शकाखाली तळलेल्या पापडासारखा दिसत होता. हवा, ओलावा आणि उजेड एकत्र आले की तो टिकत नाही. सहा महिने गेले माझे.

पवई_रिटर्न
सोनंच घ्या. या तरंगलांबीला चांदीचा फायदा नगण्य, शिवाय ती काळवंडते. चिकटण्यासाठी खाली टायटॅनियम २-३ नॅनोमीटर, जास्त नको. मी आधी क्रोमियम १० टाकलं होतं, अनुनाद पार बसला. पीएमएमए (नक्षी कोरायचा प्लास्टिकचा लेप) दोन थरांचा घ्या, नाहीतर लिफ्ट-ऑफनंतर, म्हणजे लेप जादा धातूसकट विरघळवून काढल्यावर, काडीच्या कडेला धातूचे कान राहतात. आयआयटी मुंबईत आयएनयूपीतून (नॅनो-प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांना खुल्या करणारी सरकारी योजना) बाहेरच्यांना काम करता येतं, प्रस्ताव लिहा. माझ्या ४०० काड्यांपैकी ३९१ शाबूत निघाल्या.

शब्दवेडा
अवांतर: शीर्षकात ‘ध्रुवण’ हवं होतं. आणि कृपया ‘ध्रुवीकरण’ म्हणू नका, ते निवडणुकीत होतं.

निवृत्त_प्राध्यापक
आम्ही बीएस्सीला ध्रुवीकरणच शिकवलं, विद्यार्थ्यांना एकदाही राजकारण आठवलं नाही.

शब्दवेडा
सर, तुमच्या काळी आठवत नसेल.

तारजाळी
मुद्द्यावर येऊ या. काड्या कशाला? तारांची जाळी टाका. हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओलहरींवर हेच केलं. आजकाल दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्यांतही पिक्सेलवर ०, ४५, ९०, १३५ अंशांच्या जाळ्या असतात.

निवृत्त_प्राध्यापक
थांबा, इथे बहुतेक जण घसरतात. लांब तारांची जाळी तारांना *आडवं* ध्रुवण पुढे सोडते, समांतर असेल ते परतवते. सुटी काडी मात्र अँटेना असते, ती लांबीच्या *दिशेनेच* थरथरते. एकाची दिशा दुसऱ्याला लावलीत तर ९० अंशांची चूक. शिवाय जाळी फक्त गाळते, सिग्नल वाढवत नाही. अवनीला वाढवायचाय.

फॉस्फरसच्या स्फटिकाला आर्मचेअर आणि झिगझॅग अशा दोन काटकोनी दिशा असतात. तो आर्मचेअर दिशेला जास्त शोषतो, झिगझॅगला कमी. म्हणून काड्या आर्मचेअरला समांतर ठेव. काडीची लांबी मायक्रॉनच्या आसपास येईल, खालच्या थराप्रमाणे बदलेल. मीप हे प्रकाशाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी त्यात काढ. आणि एकूण शोषण बघून खूश होऊ नकोस. सोन्यात शिरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. फक्त फॉस्फरसमधलं शोषण वेगळं मोज.

पवई_रिटर्न
+१. टायटॅनियम मात्र २-३ च.

लॉकइन_ताई
माझी चूक सांगते. पोलरायझर फिरवला की सिग्नल चारपट बदलायचा. आम्ही आनंदाने पेढे वाटले. नंतर कळलं की पोलरायझरच्या काचेला किंचित पाचर होती. तो फिरला की प्रकाशाचा ठिपका गोल फिरायचा, आणि १२ मायक्रॉनच्या तुकड्यावरून घसरायचा. आख्खा लेख मागे घेतला. प्रत्येक कोनाला ठिपका तुकड्यावरून पूर्ण स्कॅन करून कमाल सिग्नल धर. आणि त्याच जागी साधा लेड सेलेनाइडचा डिटेक्टर ठेवून एक फेरी घे. त्याचा थर बहुस्फटिकी असतो, त्याला स्वतःची दिशा नसते. त्यातही बदल दिसला तर तो तुझ्या प्रकाशाचा दोष.

जर्मनीकर_भाऊ
इंडियम अँटिमोनाइडला असले प्रश्नच येत नाहीत.

पावसाळी_प्रयोग
तेच म्हणतोय, फॉस्फरस सोडा.

अवनी_कोल्हापूर
सगळ्यांचे आभार. फॉस्फरस सोडत नाहीये. इंडियम अँटिमोनाइडचा स्फटिक घनाकार, त्याला दिशा बाहेरून द्यावी लागते. फॉस्फरसमध्ये ती जन्मजात आहे, काडीने फक्त हात द्यायचा. तुकडा ग्लव्हबॉक्समध्येच (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) बोरॉन नायट्राइडच्या संरक्षक थराने झाकलाय, १० नॅनोमीटर. त्याहून फार जाड केलं तर काडीजवळचं क्षेत्र खाली पोचेपर्यंत विरत जाईल. बोरॉन नायट्राइडचे स्वतःचे शोषणाचे पट्टे ६ मायक्रॉनच्या पुढे आहेत, ३.७ ला त्रास नाही.

आयएनयूपीचा प्रस्ताव लिहायला घेतलाय. त्याआधी काड्यांशिवायचा तुकडा लॉकइन ताईंच्या पद्धतीने मोजणार. लेड सेलेनाइड मागवलाय.

लॉकइन_ताई
काड्या बसवल्यावरही तोच ठिपका, तीच फेरी घे. आधीचे आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेव.

शब्दवेडा
‘थरथरते’ छान शब्द वापरलात, सर.