मदत हवी आहे : फोनवर कळशीभर पाणी सांडलंय, आतली रेकॉर्डिंग वाचवायची आहेत (इंदूर)

नमस्कार मंडळी. घरातल्या दुसऱ्या फोनवरून लिहितेय, जरा घाईचं आहे.

आज सकाळी साडेसहाला नळ आले. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे तेवढ्या वेळात सगळं घर ओट्याभोवती असतं. फोन ओट्यावरच होता. भरलेली कळशी हातातून निसटली आणि कलंडली ती थेट फोनवर. ओट्याच्या कडेला पाणी तुंबतं, त्यात तो मिनिटभर तरी पडून होता. उचलला तेव्हा चालू होता. मी पदराने पुसला, जोरजोरात झटकला, बटण दाबून पाहिलं. स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, एकदा थरथरला आणि काळा पडला. पुतण्याने तांदळाच्या डब्यात घातलाय, त्याला आता पाच तास होतील.

फोन गेला तर गेला, चार वर्षांचा आहे. पण त्यात आमच्या आजींच्या कहाण्या आहेत. आजी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आई, वय ९१. गेल्या श्रावणात रोज दुपारी त्यांच्याजवळ बसून मी फोनच्या रेकॉर्डरवर भरून घेतल्या. खुलभर दुधाची, जिवतीची, आदित्यराणूबाईची, अशा २३. पुस्तकातल्यासारख्या नाहीत, त्यांच्या आईकडून आलेल्या, मधूनच एखादा माळव्यातला शब्द. दिवाळीनंतर आजी पडल्या. आता कहाणी सुरू केली की अर्ध्यावर धागा सुटतो. फोटो सगळे गूगलवर चढलेले आहेत, पण ही रेकॉर्डिंग चढलेली नाहीत, आत्ताच तपासलं.

विचारायचं हे की, फोन एकदाच चालू करून पाच मिनिटांत फाइली काढून घेऊ का? नंतर कायमचा बंद पडला तरी चालेल. हेअर ड्रायर लावू का? सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, बोर्ड बदलून देऊ, डेटाची जबाबदारी नाही.

प्रतिसाद

ताई, हात जोडून सांगतो, चालू करू नका. चार्जरलाही लावू नका. मी वडोदऱ्यात मोबाइल दुरुस्तीचंच काम करतो. पाण्याने फोन मरतो त्यापेक्षा ओल्या फोनमध्ये करंट फिरल्याने जास्त मरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून करंट नको तिथे जातो, शॉर्ट होतो, आणि बोर्डावरचं तांबं खायला लागतो. फोन बंद दिसला तरी बॅटरी जोडलेलीच असते, त्यामुळे हे काम आत चालूच राहतं. म्हणून वाट पाहत बसण्यातही फायदा नाही.

आधी तांदळातून काढा. बंद फोनच्या आतलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, उलट त्याचा कोंडा चार्जिंगच्या खाचेत जातो. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या मदत-पानावर फोन तांदळात ठेवू नका असं लिहिलंय. कव्हर काढा, सिमचा ट्रे काढा, खाच खाली करून तळहातावर हलके ठोका आणि पंख्याखाली उभा ठेवा. झटकू नका, पाणी कोरड्या भागात पसरतं. ड्रायर तर नकोच, गरम हवेने पाणी आणखी आत ढकललं जातं आणि बॅटरीलाही धोका.

आता तुमच्या कहाण्यांचं. बोर्ड बदलू देऊ नका. फाइली ज्या चिपमध्ये आहेत ती बोर्डावरच बसवलेली असते आणि हल्लीच्या फोनमध्ये ती कुलूपबंद असते, किल्ली त्याच बोर्डावर. चिप सुटी काढून वाचता येत नाही. बोर्ड जिवंत होऊन तुमचा पिन टाकला तरच फाइली मिळतील. त्यामुळे बोर्डाचं काम करणारा माणूस शोधा आणि आजच जा. "फोन नको, डेटा हवा" हे पहिलं वाक्य सांगा.

प्रतिसाद

माझा अनुभव. तांदळात दोन दिवस ठेवलेला फोन चालू झाला, सगळे खूश, आणि तीन आठवड्यांनी चार्जिंग बंद. उघडला तर खाचेजवळ हिरवं साचलेलं. सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला म्हणजे बँकेचे ओटीपी अडणार नाहीत.

धागालेखिका

मनापासून आभार. तांदळातून काढला, पंख्याखाली ठेवलाय. यांना ऑफिसातून लवकर बोलावलंय, जेल रोडला जातो. एक शंका, फोनवर आयपी६८, म्हणजे पाण्याला दाद न देणारा, असं लिहिलेलं होतं, मग पाणी गेलंच कसं?

प्रतिसाद

ती चाचणी नव्या फोनची असते, तीही गोड्या पाण्यात. पाठीमागची काच चिकटवणारा गोंद वर्षागणिक सुटत जातो. कधी स्क्रीन बदलली असेल तर आणखीच. दुकानदाराला विचारा, बोर्ड आयपीएने, म्हणजे त्या स्पिरिटसारख्या द्रवाने, धुणार ना, आणि अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी बोर्ड साफ करणारं, मशीन आहे का. नुसता गरम हवेने वाळवून देतो म्हणाला तर उठून या. पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात.

धागालेखिका, दुसऱ्या दिवशी

तीन दुकानं फिरलो. दोघांनी "सोडून जा, उद्या बघू" म्हटलं. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने आमच्यासमोरच उघडला. सगळ्यात आधी बॅटरीचा जोड काढला. मग बोर्डावरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि मला दुर्बिणीतून बघायला सांगितलं. पत्र्याखाली पाण्याचा थेंब तसाच बसलेला, दहा तासांनंतरही! चार्जिंगच्या खाचेत तांदळाच्या कोंड्याची लुगदी झालेली. बोर्ड धुऊन, ब्रशने घासून, मशीनमध्ये घालून, वाळवून चालू व्हायला दोन तास लागले. आमची स्क्रीन गेलीच होती. त्याने दुकानातली दुसरी तात्पुरती जोडली, मी पिन टाकला, आणि लॅपटॉपला लावून २३ च्या २३ फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. तो म्हणाला, फोन आता रोजच्या वापराला घेऊ नका. घेणार नाहीच.

रात्री आजींना खुलभर दुधाची ऐकवली. डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच हात वर करून थांबवायला लावलं. म्हणाल्या, "इथं माझं चुकलं होतं गं, म्हातारीनं घरच्यांना काय काय दिलं ते राहिलं." आणि तेवढा तुकडा नीट सांगितला, वासरांच्या चाऱ्यासकट, कुठेही न अडखळता. तो यांच्या फोनवर भरून घेतलाय आणि झोपायच्या आधी बाकीच्या २३ बरोबर गूगल ड्राइव्हवर चढवलाय.