गणित शिकवू इच्छिणाऱ्या मुलीसाठी शिष्यवृत्ती: बारावीनंतर कोणता मार्ग घ्यावा?

प्रश्न (एक पालक, वाळपई)

नमस्कार. माझी मुलगी यंदा गोवा बोर्डाची बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे हे तिने नववीतच ठरवले असून घरात सर्वांना तो निर्णय मनापासून मान्य आहे. मात्र आधी बी.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचे बी.एड. एवढा काळ पणजीला किंवा फोंड्याला राहण्याचा खर्च आम्हाला जड जाणार आहे. आमचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे. भावी विज्ञान व गणित शिक्षकांसाठी कोणती शिष्यवृत्ती मिळू शकते आणि तिची तयारी आतापासून कशी करावी, याचे मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त गणित शिक्षिका, फोंडा)

आपल्या मुलीचे अभिनंदन. आपल्याकडची बहुतेक मदत अभ्यासक्रमाशी बांधलेली असते, म्हणून अर्ज शोधण्याआधी मार्ग ठरवणे आवश्यक आहे.

पहिली चौकशी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ उच्च शिक्षण शिष्यवृत्तीची करावी. बारावीत आपापल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात येणारे आणि मूलभूत विज्ञान किंवा गणित घेऊन पदवी करणारे विद्यार्थी तिला पात्र ठरतात. सीमारेषा प्रत्येक मंडळाची वेगळी असल्यामुळे इतर राज्यांतील गुणांकडे पाहून निराश होऊ नये. वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खर्चासाठी, तर २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधन प्रकल्पासाठी असतात. या प्रकल्पाकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आपल्या राज्यातच आहेत. अशा ठिकाणी काही आठवडे प्रत्यक्ष मोजमापे हाताळलेली मुलगी पुढे आलेख किंवा सांख्यिकी शिकवेल, तेव्हा तिच्या वर्गातील उदाहरणे पुस्तकापुरती राहणार नाहीत.

इन्स्पायर मिळाली नाही, तर केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती पाहावी. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणे आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असणे, या तिच्या मुख्य अटी आहेत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही.

दुसरा मार्ग चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रमाचा आहे. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होत असल्याने खर्चाचे एक वर्ष वाचते. गोवा ज्या विभागात येतो, त्या विभागासाठी हा अभ्यासक्रम चालवणारी एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. या अभ्यासक्रमाची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते.

उत्तर २ (बी.एड. प्रशिक्षणार्थी, पणजी)

वरील उत्तरात एक महत्त्वाची भर घालतो. इन्स्पायर बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते, बी.एड. तिच्या कक्षेत येत नाही. माझ्या वर्गातील अनेकांना खरी ओढाताण याच दोन वर्षांत जाणवते, कारण सराव पाठ, शैक्षणिक साहित्य आणि शाळेतील आंतरवासिता यांमुळे शिकवण्या घेऊन पैसे मिळवायला वेळच उरत नाही. म्हणून पदवीच्या काळात मिळणाऱ्या रकमेतील काही भाग बी.एड.साठी वेगळा ठेवता आला, तर अवश्य ठेवावा. एम.एस्सी. करून नंतर बी.एड. केल्यास उच्च माध्यमिक विद्यालयातही शिकवता येते, हाही विचार आताच करावा.

राज्य पातळीवर उच्च शिक्षण संचालनालयाची आर्थिक मदत योजना आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते, परंतु ते फेडायचे असते, त्यामुळे त्याची गणना शिष्यवृत्तीत करू नये. कुटुंब गावडा, कुणबी किंवा वेळीप समाजाचे असल्यास आदिवासी कल्याण खात्याकडील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि ‘गगन भरारी’ योजना यांची माहिती घ्यावी.

उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला वाळपईच्या मामलेदार कार्यालयातून वेळेत काढून ठेवावा आणि मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करून घ्यावी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला की काम संपत नाही. महाविद्यालयाने त्याची पडताळणी मुदतीत केली नाही, तर पात्र विद्यार्थ्याचाही अर्ज बाद होतो. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

उत्तर ३ (महाविद्यालयीन प्राध्यापक, केपे)

आपण विचारलेली, नेमकी ‘शिक्षक होण्यासाठी’ दिली जाणारी योजना अमेरिकेत आहे. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान चालवते आणि तिला २००२ च्या कायद्याचा आधार आहे. विज्ञान किंवा गणिताची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे गरजू भागातील शाळांत शिकवायचे असते. ती अट पाळली नाही, तर रकमेचे कर्जात रूपांतर होते. सत्तरी, सांगे आणि काणकोण येथील शाळांसाठी आपल्या राज्याने अशी योजना आखावी, असे मी आग्रहाने म्हणतो. ज्या मुली या तालुक्यांतून शिकून बाहेर पडतात, त्यांनाच तेथे परत शिकवायला जाण्यासाठी आर्थिक बळ मिळेल.

प्रश्नकर्ता पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलगी बी.एस्सी. गणितालाच प्रवेश घेणार आहे. ती वरच्या एक टक्क्यात आहे की नाही, हे कसे कळेल?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षिका, फोंडा)

पात्र विद्यार्थ्यांसाठी मंडळाकडून तसे पात्रतापत्र दिले जाते. गुणपत्रिका घेऊन तिच्या उच्च माध्यमिक विद्यालयात आधी विचारावे आणि तेथे माहिती न मिळाल्यास पर्वरीला मंडळाच्या कार्यालयात जावे. तोपर्यंत पीएम-यूएसपीची कागदपत्रेही तयार ठेवावीत, कारण त्या शिष्यवृत्तीचा नवा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षीच करता येतो.