नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या बैठकीत बसू द्यावं का?

भांडुपची_आई:
माझी लेक नववीत, दुपारच्या सत्रात. शाळेच्या मंत्रिमंडळात तिला आरोग्यमंत्री केलंय, बिल्लाही दिलाय. काम काय, तर स्नेहसंमेलनात रांगा लावणं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना जूनपासून कडी नाही. एकीने बाहेरून दार धरायचं, मग दुसरीने आत जायचं. हे पालकसभेत मला सांगावं लागलं, कारण या 'मंत्र्यां'ना कुणी विचारतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 मुळे अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीतही किमान तीन चतुर्थांश पालक असतात. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. पुढच्या मुलांनी बोलायचं कुठे? बैठकीत दोन विद्यार्थी हवेतच, त्यातली एक मुलगी.

परळचे_मास्तर:
ताई, कडी बसायलाच हवी, त्यात वाद नाही. पण 31 वर्षं शिकवलंय म्हणून सांगतो, मुलांना बैठकीत बसवू नका. एका मुलाने सगळ्यांसमोर एका शिक्षकांची तक्रार केली. खरी होती. दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षकांच्या तासाला बसायचं होतं त्याला, आणि तोंडी परीक्षेचे 20 गुणही त्यांच्याच हातात. वर्षभर तो पोरगा मान वर करून बोलला नाही. आपण मोठे मोकळे होतो, भोगतं मूल. शिवाय निवडणूक घेतली की चाळीचाळींचे गट पडतात, तेही पाहिलंय.

भांडुपची_आई:
सर, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण चूक त्याच्या बोलण्याची नव्हती, त्याला एकटं सोडण्याची होती. 1989 च्या बालहक्क करारात, जो भारताने 1992 मध्ये स्वीकारला, मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचं मत वय आणि समज पाहून विचारात घ्या असं म्हटलंय. निर्णय त्यांच्यावर टाका असं नाही. शिक्षकांविषयीची तक्रार पालक प्रतिनिधीने नाव न घेता मांडावी.

दहावी_ब:
सर, मी लालबागला राहतो. आमची चाचणी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवली होती. विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीत कोणीच झोपत नाही. मॉनिटरने वहीच्या पानावर 43 सह्या घेतल्या. बाईंनी वाचलं आणि चाचणी दोन दिवस पुढे ढकलली. आधी विचारलं असतं तर सह्यांची वेळच आली नसती.

परळचे_मास्तर:
बाळा, तारखा, पाणी, स्वच्छतागृह, डबा खायची जागा, यात तुम्हाला आधी विचारलंच पाहिजे, हे मान्य. शिक्षकांचे विषय निघतील त्या बैठकीत मात्र मुलं नकोत. यावर मी ठाम आहे.

भांडुपची_आई:
सोमवारी मी लेकीला घेऊन मुख्याध्यापकांकडे जातेय. कडीचं तीच सांगणार आहे, मी फक्त शेजारी बसणार.