अनुभव धागा: न्हाणीतला गीझर बसवताना झालेल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

दिवाळी झाली की चुलीवरचा पाणी तापवायचा गंज खाली उतरतो आणि गावातल्या वायरमनला हाका सुरू होतात. गीझर बसवताना काय चुकतं आणि बसलेला कसा सुधारायचा, तेवढंच लिहा. आकडे द्या, कंपन्यांची नावं नकोत.

वायरमन, दर्यापूरकडचा
निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाला माती चिकटून राहत नाही. दोन फूट सळई ठोकून मोकळं होणं तर अर्थिंगच नव्हे. ४० मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, अडीच मीटर खोल, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल. मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी.

एवढं करूनही अर्थिंगचा रेझिस्टन्स ५० ओहम निघाला तर? २३० व्होल्ट भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्यावर १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) पडत नाही आणि गीझरच्या पत्र्यात करंट तसाच राहतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा.

आणखी एक वायरमन
वरच्याला जोड. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा लावतात. हा सगळ्यात घातकी जुगाड. डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) न्यूट्रल तुटला की फेज एलिमेंटातून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून) फिरून गीझरच्या अंगावर येतो. शिवाय पत्र्यात उतरलेला करंट न्यूट्रलनेच परत जातो, त्यामुळे आरसीसीबीला गळती दिसतच नाही. तपासायचं असं: डबल पोल मेन (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बंद करा, सगळे प्लग काढा, मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात बघा. बीप आला तर सॉकेट उघडा आणि तो तुकडा काढून टाका.

मोर्शी
"पाणी तापत नाही" म्हणून एलिमेंट बदलण्याआधी व्होल्टेज मोजा. रब्बीच्या मोटारी सुरू असताना १८० व्होल्ट असेल तर २००० वॉटचा एलिमेंट जेमतेम १२२५ वॉट देतो. १५ लिटर पाणी १८ वरून ५० अंशांवर न्यायला १७ मिनिटं पुरायची, तिथे २७ लागतात. एलिमेंटाचा दोष नाही.

तार तांब्याची २.५ स्क्वेअर मिमी, मीटरपासून न्हाणी ३० मीटर लांब असेल तर ४. सॉकेट १६ अँपिअरचं. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ८.७ अँपिअर ओढले की पिना काळ्या पडतात, मग प्लास्टिक वितळतं. स्विच न्हाणीच्या बाहेर.

प्लंबर, तुमसर
पाइप उलटे लागले का, ओळखाले सोपं हाये भाऊ: दोन मग गरम येते अन् मंग लगेच थंडं. आतला लांब पाइप वरचं गरम पाणी उचलते, आखूड पाइपातून थंडं आत येते. निळ्याले थंडं, लालाले गरम, बस.

गरम बाजूले सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा पाइप), साधा पांढरा पीव्हीसी नरम पडते. सेफ्टी व्हॉल्व्ह थंड्या बाजूले. पाणी तापतानी तो थेंबथेंब गळते, तो बिघाड नोहे. कापूस कोंबून बंद केला त टाकी फुटू शकते. त्याच्या तोंडाले नळी लावून मोरीत सोडा.

अन् पयल्यांदा गरम नळातून अखंड धार येईस्तोवर बटन दाबूच नका. कोरडा एलिमेंट मिनिटांत जळते.

गवंडी काम
२५ लिटरचा गीझर भरल्यावर ३५ किलोच्या आसपास जातो. मातीच्या जोडाच्या विटांत अँकर फास्टनर ढिला होतोच. भिंतीतून आरपार बोल्ट घाला, पलीकडून लोखंडी पट्टी. धाब्याच्या घरात भिंतीचा नाद सोडा, जमिनीपासून अँगलचा स्टँड करा.

खारपाणपट्टा, अकोला जिल्हा
इथल्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला वाचवणारा) भराभर झिजतो. तो संपला की टाकीच गंजायला लागते. दर वर्षी थंडीआधी उघडून बघा, बोटाइतका जाड रॉड पेन्सिलीसारखा झाला असेल तर बदला. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा, ६० च्या वर क्षार जास्त बसतात. एलिमेंटावरचा पांढरा थर सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवून काढा, छिन्नीने खरवडू नका. परत बसवताना रबरी गॅस्केट नवं. जुनं गॅस्केट हमखास गळतं, आणि गळतं ते थेट वायरींच्या टोकांवर.