साँ-नाझेरचा पाणबुडी तळ
बंदरांतील युद्धकालीन बंकर सरळ पाडून टाकावेत, हे मत समजण्यासारखे असले, तरी फ्रान्समधील साँ-नाझेरचा अनुभव वेगळा आहे. जर्मनांनी १९४१पासून बांधलेला तिथला पाणबुडी तळ दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीतून तगला, बेचिराख झाले ते शहर; त्यामुळे नागरिकांचा तळावर राग असणे स्वाभाविकच होते. तरीही १९९०च्या दशकात शहराने बंदराकडे पुन्हा तोंड वळवले, तळाच्या छतावर नेणारा उतार बांधला आणि पुढे पाणबुड्या ठेवण्याच्या कप्प्यांपैकी चौदाव्या कप्प्यात कलाप्रयोगांसाठी दालन उघडले. मला सर्वांत भावते ती फ्रेंच उद्यानरचनाकार जिल क्लेमाँ यांची छतावरची बाग: बॉम्बचा स्फोट वरच्या वर जिरवण्यासाठी ठेवलेल्या काँक्रीटच्या पोकळ्यांतून आता ॲस्पेनची झाडे डोके वर काढतात. शिवाय एवढे काँक्रीट फोडायचे, तर खर्च कोणी सोसायचा, हा व्यावहारिक प्रश्न उरतोच.