आरएक्स १००च्या टाकीतला गंज

यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीत गंज काढायला नट टाकून हलवल्यावरही कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) लाल चुरा येत असेल, तर कारण हे: नटांनी सुटा गंज निघतो, पत्र्याच्या जोडाच्या शिवणीतला चिकटून राहतो. पेट्रोल पूर्ण काढा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून भोक बंद करा, साबणाने आतला चिकटा धुवा. मग लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धवट भरलीत तर वरचा पत्रा तसाच राहतो. रात्रभर पुरे. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी आणि लगेच गरम हवा. इथे रेंगाळू नका! ठाण्यातल्या खाडीकाठच्या दमट हवेत उघडा ओला पत्रा बघता बघता नारिंगी होतो; हे काम दिवाळीनंतरच काढलेलं बरं. सुकताच आतून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) फिरवा. कॉकची जाळी, वॉशर नवे बसवा. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल येणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) चुरा काढायला तार घालू नका, भोक मोठं होतं, हवाच मारा.